यूव्ही मोजणारं यीस्ट किट: इंदूरच्या गच्चीवर दोन महिने वापरून बघितलं (साडेचार स्टार)

आधीच सांगते, हे खेळणं म्हणून घ्यायचं असेल तर घेऊ नका, पण घरात सातवी-आठवीच्या पुढचं पोरगं असेल किंवा तुम्ही स्वतः शिकवत असाल तर यापेक्षा चांगली वस्तू मी गेल्या काही वर्षांत विकत घेतलेली नाही.

सुदामा नगरात आमच्या घरी दर रविवारी नऊ मुलं येतात, मी त्यांना जीवशास्त्र शिकवते. बहुतेकांच्या घरी मराठी आणि शाळेत हिंदी-इंग्रजी, त्यामुळे चर्चा तिन्ही भाषांत चालते. मार्चमध्ये त्यातल्या एका मुलीनं विचारलं, काकू, सगळे म्हणतात धूप से बचो, पण संक्रांतीला आजी आम्हाला मुद्दाम ऊन खायला गच्चीवर बसवते, मग वाईट ऊन नक्की कुठलं? उत्तर मला तोंडी येत होतं, दाखवायला मात्र हातात काही नव्हतं.

त्याआधी रंग बदलणारे मणी आणून झाले होते. ते दिसायला गोड आहेत पण ते जास्त करून यूव्ही-ए ला रंग बदलतात (यूव्ही म्हणजे उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण, त्यात यूव्ही-ए लांब तरंगलांबीचा आणि कमी धोक्याचा, यूव्ही-बी छोट्या तरंगलांबीचा आणि जास्त मार देणारा), सकाळी आठला पण जांभळे आणि दुपारी बाराला पण जांभळे, मुलांना वाटतं दोन्ही ऊन सारखंच. स्वस्तातले हातात धरायचे मीटर बहुतेक त्याच पट्ट्यातला उजेड मोजतात. आणि मोबाईलवरचा यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या यूव्हीचा जोर सांगणारा आकडा, हा हिशेब करून काढलेला अंदाज असतो, तुमच्या गच्चीवर कुणी काही मोजलेलं नसतं. मला हवं होतं असं काहीतरी की ज्याला ऊन खरोखर लागतं. आणि ते काम जिवंत पेशीच करू शकते.

किटमध्ये काय येतं ते सांगते. एका छोट्या नळीत तिरप्या अगारवर (जंतू वाढवायची जेली) वाढवलेलं यीस्ट, अगारच्या तयार प्लेट्स, निर्जंतुक पाण्याच्या नळ्या, ड्रॉपर, पसरवायच्या काड्या आणि एक सूचनांचं पत्रक. यीस्ट म्हणजे आपलं पावाचंच, सॅकरोमायसीस सेरेव्हिसी, पण त्याचे डीएनए दुरुस्तीचे तीन रस्ते बंद केलेले आहेत. उन्हातला यूव्ही-बी डीएनएवर पडला की शेजारशेजारचे दोन थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटतात, ते तसेच राहिले तर पेशीला पुढे कॉपी काढता येत नाही. साध्या यीस्टमध्ये राड-१ हे जनुक खराब तुकडा कापून काढणाऱ्या टोळीत असतं, राड-१८ कॉपी काढताना अडथळा ओलांडायला मदत करतं, आणि फोटोलायेज नावाचं एन्झाइम तर उजेडाचीच ताकद वापरून चिकटलेली जोडी सोडवतं. या किटमधल्या यीस्टमध्ये हे तिन्ही नाहीत. म्हणून जेवढा मार बसेल तेवढा जमा होत जातो, मध्ये पुसला जात नाही, आणि मोजायला नेमकं हेच पाहिजे.

आता वापरायचं कसं. यीस्ट पाण्यात कालवायचं, दहा-दहा पटीनं पातळ करत जायचं, प्लेटवर पसरवायचं, अर्धी प्लेट अॅल्युमिनियम फॉइलनं झाकायची आणि ठरवलेली मिनिटं उन्हात ठेवायची. मग अंधारात दोन दिवस. जगलेल्या एकेका पेशीची एकेक ठिपक्याएवढी वसाहत होते, त्या मोजायच्या. फॉइलखालच्या किती, उघड्या बाजूच्या किती. बस्स. १८७७ साली इंग्लंडात डाउन्स आणि ब्लंट या दोघांनी उन्हानं जंतू मरतात हे दाखवलं तेव्हा त्यांची रीत पण जवळजवळ हीच होती, काही नळ्या उन्हात, काही झाकलेल्या. माझ्या मुलांना ही गोष्ट फार आवडली, कारण झाकायला मुलांच्या हातात होता तो स्वयंपाकघरातला फॉइलचा रोल.

पहिला रविवार फुकट गेला. आम्ही यीस्ट पुरेसं पातळ केलं नव्हतं, सगळ्या प्लेटवर साय धरल्यासारखा थर आला, मोजणार काय? पत्रकात किती वेळा पातळ करायचं ते लिहिलंय, पण सुरुवातीला काडीवर किती यीस्ट उचलायचं ते नीट लिहिलेलं नाही. माझा सल्ला, काडीचं टोक जेमतेम पांढरं दिसेल एवढंच घ्या आणि सांगितलंय त्यापेक्षा एक पायरी जास्त पातळ करा.

दुसरी गोष्ट पत्रकात आहे पण ठळक नाही आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे. प्लेटचं झाकण काढून टाकायचं! ते कडक प्लास्टिकचं झाकण यूव्ही-बी बराचसा अडवतं, तुम्ही झाकणासकट उन्हात ठेवलं तर यीस्ट मजेत जगेल आणि तुम्ही म्हणाल किट खराब निघालं. झाकणाऐवजी वर क्लिंग फिल्म ताणून लावायची, त्यातून यूव्ही जातो आणि धूळ अडते. आमच्याकडे एप्रिलच्या शेवटी गच्चीवर काय वारं असतं ते इंदूरवाल्यांना सांगायला नको, ज्या दोन प्लेट्सची फिल्म उडाली त्यांच्यावर हिरवी बुरशी आली.

आता आकडे, कारण रिव्ह्यू वाचणाऱ्याला तेच पाहिजे असतात. हे आमच्या गच्चीवरचे, आमच्या मोजणीचे आहेत. एप्रिलचा शेवट, आकाश निरभ्र, दुपारी साडेबाराच्या जवळपास, कारण इंदूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या पश्चिमेला असल्यामुळे आपल्याकडे सूर्य सगळ्यात वर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या आगेमागे. फॉइलखाली १६० च्या आसपास वसाहती. पाच मिनिटं ऊन दिलं तिथे ४७. दहा मिनिटं, १३. वीस मिनिटं, एक. एकच! ज्या मुलाची ती प्लेट होती तो मोजत होता आणि मोजण्यासारखं काही नाही हे कळल्यावर गप्प झाला, आणि मग जोरात ओरडला, काकू, इकडे तर सगळे गेले!

आणि शेजारी एका प्लेटवर आम्ही किराणा दुकानातलं साधं ड्राय यीस्ट पसरवलं होतं, तेही वीस मिनिटं त्याच उन्हात. त्याच्या झाकलेल्या आणि उघड्या बाजूत डोळ्यांना फरकच दिसेना. ऊन तेच आणि जातही तीच, फरक फक्त दुरुस्ती असण्या-नसण्याचा. पंधरा वर्षं शिकवतेय पण डीएनएची दुरुस्ती एवढी उघड्या डोळ्यांनी मी स्वतःसुद्धा पहिल्यांदाच बघितली.

मग सकाळी नऊची प्लेट. दहा मिनिटांनंतर निम्म्याला थोडं कमी जगलेलं. आणि संध्याकाळी साडेचारची, ही मला सगळ्यात बोलकी वाटली. त्या वेळी गच्चीची फरशी पाय ठेवू देत नव्हती, बाहेर एक्केचाळीस डिग्री, दिवसातला सगळ्यात गरम वेळ म्हणा ना, आणि तरी दहा मिनिटांनंतर निम्म्याहून जास्त यीस्ट जिवंत. दुपारी साडेबाराला मात्र त्याच दहा मिनिटांत दहातलं एकसुद्धा धड उरलं नव्हतं. म्हणजे चटका आणि यूव्ही या वेगळ्या गोष्टी आहेत. उन्हाचा चटका तीन-चारला वाढतो कारण जमीन तापत जाते, यूव्ही-बी मात्र सूर्य किती वर आहे त्यावर चालतो, सूर्य खाली गेला की त्याला ओझोनच्या थरातून तिरपा, लांबचा रस्ता कापावा लागतो आणि वाटेतच तो गाळला जातो. संक्रांतीच्या उन्हाचं उत्तर पण इथेच आहे, तेव्हा भर दुपारीसुद्धा आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून ४६ अंशांच्या आसपासच असतो. आजी चूक नव्हती. त्या मुलीला मी हे सांगितलं नाही, वहीत दोन्ही वेळच्या सावल्यांच्या लांब्या लिहायला लावल्या, तिनं स्वतःच सांगितलं.

इथे थोडं थांबून एक गोष्ट लिहिते, कारण सगळा मुद्दा त्यातच आहे. जमिनीवर पोचणाऱ्या यूव्हीत ९५ टक्क्यांच्या आसपास यूव्ही-ए असतो आणि यूव्ही-बी फक्त उरलेला. मग नुसता एकूण उजेड मोजला तर तुम्ही कमी धोक्याचा भागच मोजत बसता. त्वचा भाजण्याचा जो मान्य आलेख आहे त्यात २९८ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणाचा परिणाम १ धरला तर ३२८ नॅनोमीटरला तो साडेसहाशे पटीनं कमी होतो, फक्त तीस नॅनोमीटर सरकलात तर एवढा फरक. यंत्रात हे वजन फिल्टर लावून आणि गणित करून आणावं लागतं. पेशीला ते कुणी शिकवावं लागत नाही, तिचा डीएनए ज्या किरणांनी मोडतो त्यांचीच नोंद ती ठेवते, बाकीच्यांची जवळपास ठेवतच नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी यासाठी जंतू वापरले. जर्मनीत कोलोनच्या अंतराळ केंद्रात बॅसिलस सबटिलिसचे वाळवलेले बीजाणू पातळ फिल्ममध्ये बसवून एक जैविक यूव्ही-मोजणी पट्टी तयार झाली, बीजाणू झोपलेले असतात त्यामुळे पट्टी टिकते, बिल्ल्यासारखी अंगावर लावता येते. नंतर पोषक द्रवात ठेवायची आणि जिथे बीजाणू जगले तिथे वाढ होते, ती रंगवून गडदपणा मोजायचा. १९९३ साली डी-२ या स्पेसलॅब (अंतराळयानातली प्रयोगशाळा) मोहिमेत हे बीजाणू अंतराळात नेले, वातावरणाच्या वरच्या कोऱ्या सूर्यप्रकाशापुढे वेगवेगळे फिल्टर लावून ओझोन पातळ होत गेला तर काय होईल ते प्रत्यक्ष मोजलं. आमचं किट त्या पट्टीचं घरगुती भावंड आहे असं समजा. तिच्याएवढं नेमकं नाही. त्या पट्टीच्या एका भागावर ओळखीच्या दिव्याचा ठरलेला डोस देऊन ठेवतात आणि त्याच्याशी ताडून उन्हाचा आकडा काढतात, आपल्याकडे ते नाही, म्हणून या किटवरून आज यूव्ही इंडेक्स अमुक होता असं सांगता येत नाही. एका उन्हाची दुसऱ्या उन्हाशी तुलना मात्र पक्की करता येते.

एक गणित मी दहावीच्या मुलांना करून दाखवलं, तुम्हीही करा. जगलेल्यांचं प्रमाण ३७ टक्क्यांवर येतं तेव्हा प्रत्येक पेशीला सरासरी एक जीवघेणा फटका बसलेला असतो, काहींना दोन-तीन बसतात, ३७ टक्क्यांना एकही नाही. आमच्या दुपारच्या प्लेट्सवरून तो वेळ साधारण चार मिनिटं आला, सकाळी नऊच्या उन्हात तेरा. म्हणजे सकाळचे तेरा मिनिटं बरोबर दुपारचे चार, यीस्टच्या हिशेबानं. मुलांनी ही ओळ फळ्यावरून पुसू दिली नाही, अजून आहे.

तिसऱ्या रविवारी ज्याला जे तपासायचं ते आणा म्हटलं. एकानं खिडकीची काच आणली, तिच्याखाली यीस्ट जवळजवळ सगळं जिवंत, कारण साध्या काचेतून यूव्ही-बी जात नाही (यूव्ही-ए जातो, त्यामुळे गाडीत बसून काहीच लागत नाही असं यावरून समजू नका, हे किट यूव्ही-ए बद्दल फारसं बोलत नाही). एकीनं आईचं सनस्क्रीन क्लिंग फिल्मवर लावून बघितलं, जाड थराखाली वसाहती भरपूर, पुसट थराखाली निम्म्या पण नाहीत. डबीवरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, हा दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढलेला असतो आणि एवढं आपण कुणीच चोपडत नाही.

आणि दुपट्टा. इंदूरमध्ये स्कूटीवरच्या मुली तोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरतात, डोळे तेवढे उघडे, बाहेरून आलेल्या माणसाला पहिल्यांदा दचकायला होतं. माझ्या वर्गातल्या दोघींनी आपापले दुपट्टे आणले. पांढरा विरळ सुती, एक पदर, दहा मिनिटं भर दुपारी, निम्म्याच्या आसपास जगले. तोच दुहेरी केला तर पाऊण हिस्सा जगला. गडद निळ्या दाट विणीच्या दुपट्ट्याखाली फॉइलइतकेच. तेव्हापासून त्या दोघी दाट विणीचाच बांधतात, आणि एकीच्या आईचा मला फोन आला की तुम्ही काय दाखवलंत, हिनं माझे पण दुपट्टे उजेडात धरून तपासले.

कडुनिंबाच्या सावलीतली प्लेट मी स्वतः ठेवली होती. मला वाटलं होतं सगळं वाचेल. दहा मिनिटांत चाळीस टक्केच उरले! सावलीत सूर्य दिसत नसला तरी आकाश दिसतं, आणि छोट्या तरंगलांबीचे किरण हवेत जास्त विखुरतात, ज्या कारणानं आकाश निळं दिसतं त्याच कारणानं यूव्ही-बी पण चारी बाजूंनी येतो. सासूबाई तेव्हा शेजारी कुरडया राखत बसल्या होत्या, दर वर्षी त्या तिथेच सावलीत बसतात. त्या म्हणाल्या, अगं म्हणजे मी इथे बसते ते काही उपयोगाचं नाही का? मी म्हटलं, आई, उपयोग आहेच, निम्म्याहून जास्त मार वाचतो, पण अकरा ते दोन मी राखते, तुम्ही सकाळी बसा. या वर्षी तसंच केलं.

एक प्रश्न आला त्याचं उत्तर मी हळू आवाजात दिलं. माणसात असं दुरुस्तीशिवायचं कुणी असतं का? असतं. झेरोडर्मा पिगमेंटोसम नावाचा जन्मजात आजार आहे, १९६८ साली जेम्स क्लीव्हर यांनी दाखवलं की या रुग्णांच्या पेशींना यूव्हीनं झालेली मोडतोड दुरुस्त करता येत नाही. यीस्टमधल्या राड-१ चं माणसातलं भावंड एक्सपीएफ, ते बिघडलं तरी या आजाराचा एक प्रकार होतो. अशा मुलांना दिवसाचं ऊन कायमचं टाळावं लागतं. वर्ग थोडा वेळ शांत होता. मग मुलांनी वीस मिनिटांची ती रिकामी प्लेट परत एकदा हातात घेऊन बघितली. कापून दुरुस्त करणारी ही टोळी कशी चालते ते उलगडणाऱ्या अझीझ सॅन्कार यांना २०१५ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, ते मी त्या दिवशी सांगितलं, आणि मुलांनी ते नाव परीक्षेसाठी म्हणून नाही, स्वतःहून लिहून घेतलं.

आता तक्रारी. अर्धा स्टार कशासाठी कापला ते लिहायला पाहिजे.

पार्सल कुरिअरच्या गोदामात तीन दिवस पडून होतं, ऐन उन्हाळ्यात, जिवंत वस्तू आहे असं खोक्यावर लिहिलेलं असूनसुद्धा. नळीत वाफेचं पाणी साचलं होतं. यीस्ट वाचलं, पण एका मैत्रिणीचं वाचलं नव्हतं. विकणाऱ्यांनी बदलून दिलं हे खरं, तरी माझं म्हणणं, हे फेब्रुवारीत मागवा आणि फ्रिजमध्ये ठेवा, एका नळीतून पुढच्या नळीत थोडं थोडं लावत राहिलात तर बरेच महिने चालतं.

पत्रक फक्त इंग्रजीत आहे. आणि त्यातल्या मिनिटांच्या वेळा थंड देशातल्या उन्हाच्या वाटतात, त्या पाळल्या तर आपल्याकडे दुपारच्या सगळ्या प्लेट्स कोऱ्या येतील. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, उज्जैनजवळून जातं, म्हणजे इंदूर उष्णकटिबंधात, वर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. आपल्यासाठी २, ५, १० मिनिटं पुरेत.

वाढीसाठी ३० डिग्री सांगितलंय, इन्क्युबेटर घ्या म्हणे. कशाला? एप्रिल-मेमध्ये उलट थंड जागा शोधावी लागते. आम्ही प्लेट्स उलट्या करून स्टीलच्या डब्यात घातल्या आणि डबा माठाच्या तिपाईखाली जमिनीवर ठेवला, दोन दिवसांत ठिपके आले. उलट्या करायला विसरू नका, नाहीतर झाकणावरचं पाणी गळून वसाहती एकमेकींत मिसळतात.

किंमत साडेतीन हजारांच्या आसपास पडली, एकट्यानं घ्यायला जास्त आहे, चार घरांनी मिळून घ्या. यीस्ट रोग करणारं नाही, तरी काम झाल्यावर प्लेट्स ब्लीचच्या पाण्यात बुडवून रात्रभर ठेवायच्या आणि मगच टाकायच्या, आमच्या कचरागाडीवाल्या भियांना वेगळी पिशवी बांधून दिली.

आणि एक, हे किट तुमची त्वचा किती मिनिटांत भाजेल ते सांगत नाही. आपल्या पेशींवर कातडीचा मेलेला थर असतो, रंगद्रव्य असतं, दुरुस्ती चालू असते, या बिचाऱ्या यीस्टकडे यातलं काहीच नाही. कुणी चार मिनिटांचा आकडा घेऊन घाबरू नका आणि कुणाला घाबरवू पण नका.

नळीत अजून यीस्ट आहे, प्लेट्स संपल्या म्हणून फक्त प्लेट्स परत मागवल्यात. जूनच्या पहिल्या आठवड्यात इंदूरला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते, त्या दुपारची प्लेट घ्यायचीय. ढग आले तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो परत डोक्यावर येतो, पण तेव्हा पाऊस असणार. मुलांनी ढगाळ दिवसाची प्लेट पण घ्यायची असं ठरवलंय, त्यामुळे सोळा मागवल्यात. जमलं तर याच रिव्ह्यूत खाली आकडे टाकते.